ओव्हाळबाईंचा जपानी गड

ओव्हाळबाई रागावल्या की जपानीत बोलायच्या आणि फारच रागावल्या की अतिशय नम्र जपानीत बोलायच्या. त्या भाषेत नम्रपणाच्या पायऱ्या असतात. समोरचा माणूस जितका परका किंवा मोठा, तितकी क्रियापदं लांबत जातात. बाईंचं वाक्य लांबायला लागलं की आमच्या ऑफिसातले जाणकार आपापल्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घालायचे. न जाणणारे मात्र कौतुकाने बघत राहायचे, कारण कानाला ते फार गोड लागायचं. एकदा कुणीतरी एसी परस्पर वाढवून ठेवला, तेव्हा बाई जागेवरून उठल्या, किंचित वाकल्या आणि मिनिटभर काहीतरी बोलल्या. नव्याने आलेल्या एका मुलाने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, प्रार्थना आहे. मी त्याला अर्थ सांगितला नाही. नोकरी नवी होती बिचाऱ्याची.

मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं ते नारायण पेठेत, आमच्या घराजवळच्या एका शाळेत. संध्याकाळी शाळा सुटली की तिथे त्या जपानीचा वर्ग घ्यायच्या. बाकं तिसरीच्या मुलांची, त्यामुळे आम्ही कॉलेजातली मुलं-मुली गुडघे हनुवटीला टेकवून बसायचो. दारावर बाईंच्या ठसठशीत अक्षरात पाटी होती, ‘उशीर झालेल्यांनी उद्या वेळेवर यावे.’ म्हणजे आज येऊच नये. चपला बाहेर काढायच्या, आणि नुसत्या काढायच्या नाहीत, तर त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ओळीत ठेवायच्या. एकाची जरी चप्पल वर्गाकडे तोंड करून असली, तरी बाई शिकवायला सुरुवात करत नसत. खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत राहायच्या आणि म्हणायच्या, “कुणाला तरी आज घरी जायचं नाहीये वाटतं.” मग आम्ही सगळे बाहेर पळायचो.

बुटक्या, सावळ्या, खळ केलेली सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बुटांचं कारण विचारलं, तर म्हणाल्या, “बस माझ्यासाठी थांबत नाही, आणि मी तिच्यामागे चपला घालून धावत नाही.” त्या दापोडीहून यायच्या. दिवसा एका सरकारी कार्यालयात कारकून, संध्याकाळी इकडे शिक्षिका. शिकवण्याची पद्धत एकच. “पाठ करा. समजून घ्यायला उरलेलं आयुष्य पडलंय.” कुणी व्याकरणातलं कारण विचारलं, की त्या शांतपणे विचारायच्या, “तू दोन वर्षांचा असताना आईला कारण विचारलं होतंस का?” तो बिचारा पुन्हा म्हणून तोंड उघडायचा नाही. पण पाठ केलेलं मात्र इतकं पक्कं बसायचं, की अजूनही मला झोपेतून उठवलं तर मी जपानीत पोस्टाचा रस्ता सांगू शकेन.

जपानीच का, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही बस चुकली म्हणून. वडिलांनी छपन्न साली धम्मदीक्षा घेतली होती आणि वस्तीत एक पत्र्याचा विहार उभा राहिला होता. बाई शाळेत असताना तिथे एक वृद्ध जपानी भिक्खू आले. त्यांच्याबरोबरचा दुभाषा मध्येच आजारी पडून कुठल्याशा गावी राहिला होता. भिक्खू तासभर बोलले. अख्खी वस्ती हात जोडून बसली होती आणि कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. “मध्येच ते हसले, म्हणजे काहीतरी गमतीचं बोलले असणार,” बाई म्हणाल्या. “आम्ही कुणीच हसलो नाही. इतक्या लांबून माणूस आला, विनोद केला, आणि आम्ही दगडासारखे बसलो. मला फार लाज वाटली गं.” तेव्हापासून तो विनोद कळून घ्यायचा म्हणून ही बाई जपानीच्या मागे लागली.

त्या काळात पुण्यात परकी भाषा शिकायची म्हणजे जर्मन. जपानी शिकते म्हटलं, की लोक आधी डोळे बारीक करून दाखवायचे आणि मग विचारायचे, “उपयोग काय?” बाईंच्या कार्यालयात तर त्यांना ‘जपानी बाहुली’ म्हणायचे. मग नव्वदनंतर वारं फिरलं. परदेशी गाड्या आल्या, परदेशी शीतपेयं आली, आणि मागोमाग कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या. त्यातल्या एकीला जपानमधून काम मिळालं आणि कागद सगळे जपानीत आले. शोधत शोधत कंपनीचा माणूस तिसरीच्या वर्गात पोचला. त्याने चप्पल आत तोंड करून काढली होती, तरीही बाईंनी त्याला बसू दिलं, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.

सरकारी नोकरी, पेन्शन, हक्काच्या रजा, सगळं सोडून बाई खासगी कंपनीत गेल्या. चाळिशी ओलांडलेली बाई, लग्न केलेलं नाही, घरात म्हातारी आई. भाऊ महिनाभर बोलला नाही. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी येऊन समजावलं, की आपल्या माणसांनी रक्ताचं पाणी करून अशा नोकऱ्या मिळवल्या, त्या सोडायच्या नसतात. बाईंनी सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सोमवारी राजीनामा दिला. दोन-तीन वर्षांनी मीही त्याच कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून लागले आणि त्यांच्या समोरच्या टेबलावर माझी जागा आली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. एवढं सगळं करून बाईंनी जपान पाहिला नव्हता. आम्ही पोरंसोरं बाईंनी पाठ करून घेतलेली वाक्यं घेऊन जपानला जायचो, सहा-सहा महिने राहायचो आणि परत येताना चॉकलेटं आणायचो. काही शहाणे चॉकलेटाबरोबर सल्लाही आणायचे. “बाई, तिकडे आता असं म्हणत नाहीत हं.” बाई चॉकलेट घ्यायच्या आणि म्हणायच्या, “हो का? बरं झालं सांगितलंस.” पण त्या दिवशी डबा अर्धाच खायच्या. मला ते दिसायचं. बाईंना जगात एकाच गोष्टीची भीती होती. आपण आयुष्य घालून जी भाषा शिकलो, ती खरी भाषा नसून पुण्यात बसून तयार केलेली नक्कल असेल तर?

आणि या भीतीला खतपाणी घालायचे ते आमचे जपानी पाहुणे. ते आले की बाई त्यांच्याशी बोलायच्या आणि ते हमखास म्हणायचे, “वा, आपलं जपानी फारच छान आहे!” आम्ही खूश व्हायचो. बाई मात्र तोंड कडू करून जागेवर यायच्या. मी एकदा म्हटलं, “बाई, कौतुक करतायत की ते.” त्या म्हणाल्या, “एखादा गोरा माणूस ‘नमस्कार, कसे आहात’ म्हणाला, की आपण काय म्हणतो? ‘किती छान मराठी बोलता!’ शेजारच्या जोशांना म्हणतेस का असं कधी? नाही ना. जोशांशी तू भांडतेस. ज्या दिवशी हे लोक माझं कौतुक विसरतील ना मंजिरी, त्या दिवशी मला जपानी आलं.” मी मान हलवली, कारण जोशांशी आमचं खरोखरच पाण्याच्या टाकीवरून भांडण चालू होतं.

अखेर बाईंचा नंबर लागला. आम्हाला काम देणाऱ्या जपानमधल्या कंपनीला आपलं जुनं सगळं काम एकाच ठिकाणी सोपवायचं होतं. ते आम्हाला मिळालं असतं तर पुण्यातलं अर्धं ऑफिस त्यावर चाललं असतं. बोलणी करायला आमचे मॅनेजर सबनीस, मी, कैलास काळभोर आणि बाई असे चौघे निघालो. विमानात बाईंनी पूर्ण वेळ पाठ ताठ ठेवली होती. उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या माणसाला त्यांनी अभिवादन केलं आणि तो म्हणाला, “वा, जपानी फार छान!” बाईंचा चेहरा उतरला. जपानच्या जमिनीवर पहिल्याच माणसाने त्यांना नापास केलं होतं.

पुढचा फटका शनिवारी संध्याकाळी बसला. हॉटेलच्या लॉबीत सबनीस म्हणाले, “बाई, सोमवारच्या मीटिंगसाठी मी इथलाच एक दुभाषा ठरवलाय. तुम्ही असालच, पण मागे बसा. टिपणं घ्या. विषय नाजूक आहे, उगाच धोका नको.” सबनीस वाईट माणूस नव्हता. इतका मोठा व्यवहार, आणि जपान न पाहिलेली दुभाषी. मीही त्यांच्या जागी घाबरले असते. बाईंनी त्यांना जपानीत उत्तर दिलं. वाक्य लांबत लांबत लिफ्टपर्यंत गेलं. सबनीस म्हणाले, “थँक यू, बाई. मला वाटलंच तुम्ही समजून घ्याल.”

रविवार मोकळा होता. बाई म्हणाल्या, मी खोलीतच बसते. पण कैलासने आधीच चौकशी करून ठेवली होती. कैलास लोणी काळभोरचा, शनिवार-रविवार गड चढणारा, पायाला भिंगरी लावलेला. तो येऊन म्हणाला, “बाई, इथनं तासाभरावर गड हाय. चांगला डोंगरावर हाय. इथवर येऊन गड न चढता गेलो, तर घरचे उंबऱ्यात घेणार न्हाईत मला.” बाई म्हणाल्या, “मी आजवर सिंहगडसुद्धा चढलेली नाही. रविवार माझा कपडे धुण्यात जातो.” कैलास म्हणाला, “मग तर याच. कपडे काय इथं न्हाईत धुवायला.” या युक्तिवादापुढे बाई हरल्या.

आता कैलासच्या हिशोबात गड म्हणजे पहाटे निघायचं, उन्हाच्या आत वर पोचायचं आणि वर गेल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं. त्यात जपान असलं म्हणून काय झालं? आम्ही अंधारात हॉटेल सोडलं, पहिली गाडी पकडली आणि उजाडता उजाडता डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. वर जायला रोपवेचा पाळणा होता, तो बंद. कैलासला त्यातच आनंद. “गडाला काय पाळण्यात बसून जातात व्हय?” म्हणत तो पायवाटेला लागला. पाइनची झाडं, दगडी पायऱ्या, आणि पुढे पदर खोचून, कॅनव्हासच्या बुटांत, न थांबता चढणाऱ्या ओव्हाळबाई. मला धाप लागली. बाईंना नाही. इतकी वर्षं बसमागे धावल्याचा परिणाम असणार.

वर पोचलो आणि समोर बंद दरवाजा. शेजारी पाटी. बाईंनी वाचून दाखवलं, “नऊला उघडतो.” तेव्हा सातही वाजले नव्हते. पिठलं-भाकरी तर सोडाच, पाण्याचं मशीनसुद्धा दरवाजाच्या पलीकडे. गडाला वेळ असते, सुट्टी असते, कुलूप असतं, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. बाई म्हणाल्या, “छान. ‘लवकर आलेल्यांनी उद्या उशिरा यावे’ अशीही एक पाटी पाहिजे इथे.” आणि त्या दगडावर बसल्या.

कैलास तटाला फेरी मारून आला, तो रडवेला. “बाई, फसवलं! खालचे दगड जुने हायत, पण वरचा वाडा सगळा शिमेटचा हाय. पोपडा पडलाय मागच्या बाजूला, आत सळई दिसतीया. नकली हाय गड!” वर पांढऱ्याशुभ्र भिंती आणि एकावर एक चढलेली वळणदार छपरं उन्हात चमकत होती आणि हा खाली छाती पिटत होता. “आपला पडका असंल, पण खरा तरी हाय.”

नेमक्या त्याच वेळी खालून एक म्हातारे गृहस्थ वर आले. दंडावर गाइडची पट्टी, हातात थर्मास आणि किल्ल्यांचा जुडगा. नाव ओकुदा-सान, म्हणजे आपल्याकडचे ओकुदाराव; रोज सकाळी दरवाजा उघडायला येणारे. त्यांनी आम्हाला अभिवादन केलं आणि कैलासकडे बघून बाईंना विचारलं, हा तरुण कशाने दुःखी आहे?

बाईंनी प्रश्न मराठीत सांगितला. कैलास घाईघाईने म्हणाला, “सांगू नका बाई, वाईट वाटंल त्यांना.” सोपं होतं. ‘गड सुंदर आहे म्हणतो’ म्हटलं की झालं असतं, आणि ओकुदा-सान म्हणाले असते, आपलं जपानी फार छान. मला वाटतं, बाईंना तेच नको होतं. त्या सरळ म्हणाल्या, “हा म्हणतो, तुमचा गड खोटा आहे.”

ओकुदा-सानांनी कैलासकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “बरोबर आहे त्याचं.” मग ते आमच्याजवळ दगडावर बसले. लहानपणी ते इथेच खेळायला यायचे. जुना वाडा कधीच जळून गेला होता, फक्त जोतं उरलेलं. वर नुसतं आकाश. मग गावाने वर्गणी काढून हा वाडा बांधला. ओकुदा-सानांच्या वडिलांनीही वर्गणी दिली आणि तेव्हा शाळकरी असलेल्या त्यांनी वडिलांशी भांडण केलं होतं. “त्यांनी माझं आकाश घेतलं आणि त्या जागी सिमेंट दिलं,” ते म्हणाले.

“मग रोज का येता?” बाईंनी विचारलं. अगदी नारायण पेठेतला प्रश्न, जपानी कपडे घालून.

“दगडांसाठी.”

“दगडांना कुलूप नाही. किल्ल्या कशाच्या आणल्यात?”

ओकुदा-सानांनी हातातल्या किल्ल्यांकडे पाहिलं आणि थर्मास उघडला. चहा ओतता ओतता त्यांनी उत्तर दिलं, बाईंनी ते खोडलं, आणि मग जे सुरू झालं त्याला मी संभाषण म्हणणार नाही. कैलासने मला विचारलं, “काय चाललंय?” मी म्हटलं, “भांडण.” तो म्हणाला, “आपण जिंकतोय का?”

बाई एकदम त्याच्याकडे वळल्या. “कैलास, दिवाळीत किल्ला करायचास का रे?”

“म्हंजे काय! दर साली. माती, विटा, पोतं. आळीव पेरायचो.”

“खोटा होता का तो?”

कैलास विचारात पडला. “त्याच्यापायी वरच्या आळीच्या पोरांशी मारामारी केलीया, बाई.”

“खोट्यासाठी कुणी मार खात नाही,” बाई म्हणाल्या आणि हे सगळं, आळिवासकट, त्यांनी ओकुदा-सानांना जपानीत सांगितलं. ते म्हणाले, तो मुलांचा खेळ, ही मोठ्यांची फसवणूक. तेव्हा बाई जे बोलल्या ते माझ्या मनात कायमचं राहिलं आहे. “आमच्या वस्तीतला विहार आधी पत्र्याचा होता. तो वादळात उडाला. मग विटांचा बांधला, तो रस्ता रुंद करताना गेला. आता स्लॅबचा आहे. यातला खरा कुठला, ते माझ्या आईला विचारा. ती म्हणेल, मी रोज झाडते तो.”

ओकुदा-सान पुन्हा उसळले. हात हलवू लागले, बाईंचं वाक्य मध्येच तोडू लागले. बाईंची ती लांबलचक नम्र क्रियापदं केव्हाच गळून पडली होती. छोटी, धारदार, घरातल्या माणसाशी बोलतात तशी वाक्यं त्या फेकत होत्या. अशी वाक्यं त्यांनी आम्हाला कधी शिकवली नव्हती. मला वाटतं, ती आपल्याला येतात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी ओकुदा-सान ओरडले, “आणि ती लिफ्ट? आत लिफ्ट बसवली आहे, तीही खरी का?” बाई म्हणाल्या, “लिफ्ट मात्र वाईट.” आणि दोघंही इतके हसले की चहा सांडला.

नऊला दरवाजा उघडला. तेवढ्यात पाळणाही सुरू झाला होता आणि त्यातून निवृत्त मंडळींची एक सहल वर आली, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या. ओकुदा-सान त्यांचे गाइड. आम्ही सगळे जिन्याने वरच्या सज्जात गेलो. खाली गाव, नदी, पलीकडे डोंगरांच्या रांगा. कैलासचा राग मावळला. गडमाथ्यावर गेल्यावर द्यायची ती आरोळी त्याने सवयीने ठोकून दिली आणि टोपीवाल्या आज्या दचकून कठड्यापासून मागे सरल्या. ओकुदा-सानांनी हात वर केला. “मंडळी, मी रोज येणाऱ्यांना सांगतो की हा गड बांधायला नको होता. आज पुण्याहून आलेल्या या बाई सांगतील की का बांधायला हवा होता. निकाल तुम्ही द्या.”

मी बाईंकडे पाहिलं. कुणी तयारी करून दिली नव्हती, कागद नव्हता, पाठ केलेलं काही नव्हतं. त्यांनी खोचलेला पदर सोडला, नीट केला आणि बोलायला लागल्या. पत्र्याचा विहार आला, आळिवाचा किल्ला आला, वर्गणी देणारे ओकुदा-सानांचे वडील आले. “ज्यांनी बांधलं त्यांना ते हवं होतं,” त्या म्हणाल्या. “जळलेली गोष्ट पुन्हा हवी वाटणं, याच्याइतकं खरं दुसरं काय असतं?” मध्येच त्यांनी ओकुदा-सानांच्या किल्ल्यांचा विनोद केला. अख्खी सहल हसली. एक आजी तर पोट धरून हसली आणि शेजारणीला पुन्हा सांगू लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वस्तीत लहानपणी न कळलेल्या विनोदाची फेड ती शाळकरी मुलगी इतक्या वर्षांनी इथे, या माथ्यावर करत होती. मग हात वर झाले, जवळजवळ सगळेच बाईंच्या बाजूने. ओकुदा-सानांनी वाकून पराभव मान्य केला आणि लगेच म्हणाले की तरीही तुमचं चुकतंच आहे.

उतरताना बाई एका वळणावर थांबल्या. त्यांचा आवाज विचित्र झाला होता. “मंजिरी, सकाळपासून किती माणसांशी बोलले गं मी?”

“खूप. का?”

“एकानेही म्हटलं नाही.” बाईंनी बुटाच्या टोकाने एक खडा उडवला. “एकानेही छान म्हटलं नाही गं!” आणि त्या खदाखदा हसत पायऱ्या उतरत गेल्या. कैलास मला म्हणाला, “कुणी छान म्हटलं न्हाई तर हसतायत का?” त्याला समजावण्याइतका दम माझ्यात नव्हता.

सोमवारी सकाळी मीटिंगच्या खोलीत मागच्या रांगेत बाईंची खुर्ची ठेवलेली होती. बाईंनी ती उचलली आणि टेबलाशी, सबनीसांच्या शेजारी आणून ठेवली. तो ठरवलेला दुभाषा, चांगला सभ्य मुलगा, दुसऱ्या बाजूला बसला होता.

“बाई, आपलं ठरलं होतं,” सबनीस दबक्या आवाजात म्हणाले.

“तुमचं ठरलं होतं. मी फक्त ऐकून घेतलं होतं.”

“आणि चुकलात तर?”

“चुकले तर दुरुस्त करीन. मी बोलायला आले आहे, टिपणं घ्यायला नाही. तुम्ही फक्त खरं बोला, सबनीस. पुढचं मी बघते.”

सबनीसांनी कपाळाचा घाम पुसला, पण खुर्ची सरकवून जागा करून दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते. समोरचे मुख्य साहेब करड्या चेहऱ्याचे होते. सुरुवातीला त्यांनी बाईंच्या जपानीचं कौतुक केलं, ते बाईंनी किरकोळ आभार मानून बाजूला ठेवलं. तासाभराने आमच्या जुन्या कामातल्या चुकांवरून साहेब तापले. आमच्या कामातला एक दोष त्यांनी काढला, सबनीसांनी तो मान्य केला आणि दुरुस्तीची पद्धत सांगितली. बाई ती जपानीत सांगत असताना साहेबांनी मध्येच तोडलं. बाईंनी हात वर केला. “थांबा. माझं अजून संपलेलं नाही.” साहेब थांबले, बाईंचं पूर्ण ऐकलं आणि मग म्हणाले, “ठीक आहे. पण मला हे पटलेलं नाही,” आणि वाद घालायला खुर्ची पुढे ओढली. दुपारी जेवणाच्या वेळी ते बाईंच्या शेजारी येऊन बसले आणि तिथेही तोच वाद चालू. संध्याकाळी काम आम्हाला मिळालं. सबनीसांनी लॉबीत, सगळ्यांच्या देखत, बाईंना वाकून नमस्कार केला. जपानी पद्धतीने करायला गेले आणि मराठी पद्धतीने पायाशीच पोचले.

काम मिळालं म्हणून मला आणि कैलासला तिथेच राहावं लागलं. बाई आणि सबनीस परत निघाले. पुढेही आमच्या भेटी झाल्या, फोन झाले, बाईंनी माझ्या मुलीलाही तिसरीच्या बाकावर बसवून जपानी शिकवलं. पण डोळे मिटले की मला दिसतो तो विमानतळ. मी काचेच्या अलीकडे आणि बाई पलीकडे, पासपोर्टच्या खिडकीशी. आतल्या अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं. बाईंनी उत्तर दिलं. त्याने मान हलवली, पुन्हा काही म्हणाला, आणि बाईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मला काही ऐकू येत नव्हतं, पण बाईंचा हात हवेत हलत होता, अधिकारी खिडकीतून पुढे वाकून हातवारे करत होता, आणि सबनीस मागे घड्याळ बघत होते. बाईंच्या मागे भलीमोठी रांग खोळंबली होती, आणि बाईंना मुळीच घाई नव्हती.